साळवण ते उद्यमनगर

हेड गॅस्केट साळवणच्या अलीकडं गेलं.
आधी पांढरा धूर, मग काटा लालमध्ये,
मग डिपस्टिक काढून बघितली तर ऑईल
दूध जास्त झालेल्या चहासारखं.
बायको म्हणाली, एसटी येतीय, मी जाते.
गेलीपण. तिचं बरोबरच होतं.

डुक्कर फियाट. सत्तावन्न सालची.
माझ्यापेक्षा चार वर्षांनी थोरली,
सकाळी उठताना मात्र
दोघं सारखंच कण्हतो.

यासीन शिकलगारला फोन लावला.
तो म्हणाला, बॉनेट उघडं ठेव,
रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नको,
आणि जीप कुणाची आणू, ते इचारू नको.
तिथंच कळायला पाहिजे होतं.

जीप आली ती भूपाल मगदूमची.
पतसंस्थेत त्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो नाही
त्याला आता अडीच वर्षं झाली.
गंगावेशीत दूध प्यायला तो उभा असला
की मी रस्त्याच्या पलीकडनं घरी.
बायको नको म्हणाली होती सहीला.
नाही, तिच्यावर कशाला ढकलू.
मीच नको म्हणालो होतो.

भूपाल उतरला. गाडीकडं बघितलं. माझ्याकडं नाही.
"पाणी किती घातलंय ह्यानं?" त्यानं यासीनला विचारलं.
यासीननं मला विचारलं, मी यासीनला सांगितलं.
दोन हातांच्या अंतरात
यासीनची पोस्टमनची नोकरी.

दोर काथ्याचा, उसाच्या ट्रॉलीवरचा, आठ हात.
"एक हॉर्न म्हंजे थांब, दोन म्हंजे चल.
गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर.
दोर ढिला पडू द्यायचा न्हाई.
ढिला पडला की झटका, झटका बसला की तुटला."
एवढं सांगून यासीन
जीपमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसला.

ओढून नेतात त्या गाडीत बसलं
की स्टिअरिंग आपलं असतं, जाणं नसतं.
समोर भूपालची मान,
आणि जीपच्या फाळक्यावर रंगवलेलं नाव: अक्षता.
तिच्याच नर्सिंगच्या फीसाठी होतं ते कर्ज.
पस्तीस किलोमीटर दुसरं काही
वाचायलाच नव्हतं.

कळ्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली, दोर तुटला.
यासीननं गाठ मारली. साडेसहा हात.
कोपार्ड्यात कारखान्याच्या ट्रॅक्टरांची रांग,
परत तुटला, परत गाठ. पाच.
आता जीपचा धूर सरळ माझ्या नाकात,
त्याचा खोकला मला ऐकू येतोय,
आणि त्याच्या आरशात त्याचे डोळे.
म्हणजे त्यालाही माझे दिसत असणार.
मी रस्त्याकडं बघितलं. रस्ता दिसत नव्हता,
फाळकाच दिसत होता.

बालिंग्याच्या पुलावर त्यानं मान बाहेर काढली.
"ब्रेक सोड की लेका!
मघापासनं दोन गाड्या ओढाय लागलोय!"

खाली बघितलं. पाय दाबलेलाच होता.
साळवणपासनं की त्याच्याही आधीपासनं,
देव जाणे. उचलला.
फियाट एवढी हलकी झाली
की जीपच्या बंपरला टेकतीय का काय वाटलं.

उद्यमनगरात सांगाल ते मिळतं,
फक्त त्या नावातला 'उद्या' तेवढा खरा.
सत्तावन्नचं गॅस्केट नव्हतंच कुणाकडं.
यासीननं तांब्याचा पत्रा घेतला,
जुनं गॅस्केट वर ठेवून खिळ्यानं रेघ मारली,
आणि कातरायला बसला, रात्री साडेनऊला,
चष्मा कपाळावर, कारण जवळचं
त्याला बिनचष्म्याचं दिसतं.
बॅटरी धरायला भूपाल.
त्यानं जायला पाहिजे होतं, गेला नाही.

मी म्हणालो, अक्षताचं काय चाललंय?
"शेवटचं वर्ष." बॅटरी हलली.
"उजेड!" यासीन ओरडला.
बॅटरी जागेवर आली.

जाताना दोर त्यानं माझ्याच डिकीत टाकला.
"राहू दे तुझ्याकडं. ही काय
शेवटची येळ न्हवं."
यासीन म्हणतो, नवा घे, कितीला येतो?
बघू.
गाठी काही अजून सोडवल्या नाहीत.