पंच क्रमांक दोन

मी नुसता जाळं सांधत बसलो होतो मढच्या धक्क्यावर.
हवालदार घुगे म्हणाले, सही करा, पंच क्रमांक दोन.
पिवळी जेट-स्की, नाक फुटलेलं.
सीटखाली अर्धी बाटली, बुचाशिवाय.
जोमाचं वल्हं, दोन तुकडे.
जोमाचा खांदा इस्पितळाच्या कागदात गेला.

तीन वर्षं झाली.
बोरिवलीच्या कोर्टात वकील विचारतात, वास कसा होता?
म्हटलं, साहेब, दारूचा. मासळीचा मला येत नाही.
कोर्ट हसलं. टायपिस्टने हसू घेतलं नाही.

मग ते म्हणाले, वाहनाचा कायदा रस्त्यावर लागतो,
समुद्र हा रस्ता नव्हे.
मी गप्प.
खडक डावीकडे ठेव, देवळाचा दिवा नाळीच्या रेषेत,
बापाने अंधारात दाखवलेली ही वाट
कुणी विचारलीच नाही.

बाकावर शेजारी तोच मुलगा असतो.
पासपोर्ट जमा, परदेशचं शिक्षण बुडालं,
जामिनाचे कागद मिठाईच्या पिशवीत.
आज हळूच म्हणाला, काका, ते वल्हवतात का आता?
म्हटलं, उजव्या हाताने.
एका हाताने होडी गोल फिरते, हे नाही सांगितलं.

जेट-स्की अजून ठाण्याच्या आवारात, मुद्देमाल.
चिठ्ठी पुसली, ताडपत्रीखाली मांजर व्यालीय.
घुगे पिल्लांना हाकलत नाहीत,
पंचनाम्यात नाहीत म्हणे.

पुढची तारीख अष्टमीला पडली.
म्हटलं, बरं झालं, भांग आहे.
वकिलांनी चमकून पाहिलं.
पाण्याचा हो, साहेब.
जाळं तसंही रिकामं येतं त्या दिवशी.