काटा

ला शो-द-फों गावात, चढावरच्या घरात,
तिसऱ्या मजल्याची उत्तरेकडची खिडकी.
घड्याळजींनी शोधून घेतलेली: उजेड येतो, ऊन येत नाही.
तिथे सोलांज पेरनू बसते
चिमट्यात एक नादकाटा धरून.
क्वार्ट्झचा. तांदळाच्या कणीएवढा.
दोन पाय. एक तिने जखडून टाकलाय,
दुसरा मोकळा.

मोकळ्याच्या टोकाला टंगस्टनची तार डकवायची,
पापणीच्या केसाहून बारीक,
आणि पुढे निमुळती होत होत
शेवटी एकच अणू उरावा, इतकी.
गोंद: डोळ्यात गेलेल्या कुसळाएवढा.
श्वास: नंतर.

काटा. आपल्याकडे
घड्याळाचा, वजनाचा, माशाचा, बोरीचा,
अंगावर येतो तोही.
तिच्या भाषेत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे,
त्यामुळे तिला हसू येत नाही
की तिच्या बापाचं पोट
काट्यावर चालायचं
आणि काट्यानेच गेलं.

आर्मां पेरनू घड्याळ कानाला लावून सांगायचा
कुठल्या चक्राचा कितवा दात झिजलाय.
शहात्तर साली फाटकावर कागद लागला.
हाच क्वार्ट्झ. हाच चिमुकला दुपाया
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा,
न चुकणारा, पगार न मागणारा.
पुढच्या वर्षी एकोणीस वर्षांची सोलांज
क्वार्ट्झच्याच कारखान्यात लागली.
बाप जेवताना म्हणाला, "मीठ दे."
त्या हिवाळ्यात तेवढंच बोलला.

आता मनगटावर कुणी फारसं काही बांधत नाही.
नादकाटे उरले, आणि ते मागणारे थोडे लोक.
बाझेलच्या एका तळघरात
अनीना काफ्लिश शेवटची ट्राम डेपोत जायची वाट पाहते,
मग स्टीलच्या निर्वात पिंपात,
शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर,
सोलांजचा काटा खाली, अजून खाली आणते.
टेकवत नाही.
टेकला की संपला.
एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी झुलत
तो पृष्ठभागाजवळ जातो,
खालचं काहीतरी त्याला ओढतं, किंचित,
आणि थरथरीचा आकडा घसरतो: दोनाने, तिनाने.
त्या घसरणीवरून, ओळीमागून ओळ, पहाटेपर्यंत
एक रेणू उमटतो,
कड्यांत कड्या, पोळ्याच्या तुकड्यासारखा.
(वरच्या मजल्यावर दुसरी मंडळी
खारट पाण्यात सिलिकॉनची पट्टी बुडवून
डीएनएच्या गुंत्यावर टिचक्या मारत जातात,
कलिंगड पारखावं तशा.)

मार्चमध्ये सोलांजचा उजवा हात कापायला लागला.
एका आठवड्यात सात काटे मोडले.
आठवा तिने डब्यातून काढलाच नाही.
तयार होते तेवढे चार घेऊन ती रेल्वेने बाझेलला आली,
फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून.

अनीनाने तिला रात्री थांबवून घेतलं.
पडद्यावर करड्या रंगात कडी उगवत होती.
सोलांज बराच वेळ बघत राहिली,
रेणूकडे नाही,
कोपऱ्यात बदलणाऱ्या आकड्याकडे.
"कापतोय, तरी दिसतं?"
"कापतोय म्हणूनच दिसतं.
स्थिर झाला तर आंधळा."
अनीनाला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो.
सोलांजने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला.
"माझा तसला नाही," ती म्हणाली.
"माझा नुसताच कापतो."

मग कुणी काही बोललं नाही.
पंपसुद्धा बंद होते.
सव्वादोनच्या सुमाराला, चौथ्या कडीच्या अलीकडे,
एका ओळीत बारीक ओरखडा उठला.
अनीना पुढे वाकली. "ट्राम?
पण ट्राम तर केव्हाच गेल्या."

सोलांजने जमिनीवर टेकवलेला उजवा पाय
हळूच उचलून घेतला
आणि तसाच अधांतरी धरून बसली.