बावीस टन आणि एक अक्षर

बातुमीत चार महिन्यांचा कोर्स करून आलो,
निर्यात-व्यवस्थापनाचा. दाखल्यावर सोनेरी शिक्का.
झुगदिदीच्या गोदामात नाझिब्रोला शोनियानं
तो दाखला हातातसुद्धा घेतला नाही.
मूठभर हेझलनट पुढे केले: चाव.

चावले. गोड आहेत, म्हटलं.
आणखी चाव.
नवव्या दाण्याला जीभ एकदम कडू,
साबणाची वडी चाटल्यासारखी.
ढेकणानं सोंड खुपसलेला दाणा, वरून टवटवीत.
गिळू नकोस, म्हणाली, थुंक.
हॅम्बुर्गमध्ये कुणी थुंकण्याआधी
इथे कुणीतरी थुंकायला हवं.
हे तुझं काम. बाकी सगळे कागद.

कागद म्हणजे काय ते कळायला
पोतीच्या धक्क्यावरून जहाज सुटावं लागलं.

आमच्या कंपनीचं नाव च्कोनी.
आमच्या बोलीत ओकचं झाड.
त्यातला क निघतो घशाच्या पार तळातून,
रोमन लिपीत त्याला घर नाही,
कुणी के लिहून वेळ मारून नेतं, कुणी क्यू.
बँकेच्या पतपत्रात क्यू होता.
आणि मी, रात्री साडेअकराला,
बिल ऑफ लेडिंगवर
के.

आठवड्यानं फ्रँकफर्टहून दोन ओळी:
कागदपत्रांत तफावत. रक्कम रोखली आहे.
माल बोस्फरस ओलांडून गेलेला
आणि पैसे एका अक्षराला अडकलेले,
कुंपणाच्या तारेला सदरा अडकावा तसे.
त्यात तुर्कस्तानात पीक उदंड, भाव रोज खाली.
फोल्कर्ट्सनं नुसतं गप्प बसायचं होतं.
कंटेनर धक्क्यावर खोळंबला असता,
भाडं चढत गेलं असतं,
आणि आम्हीच म्हणालो असतो, घ्या निम्म्यात.

मी माफीचं पत्र लिहिलं. दीड पान.
ग्राहकाशी बोलत राहा, असं शिकवलं होतं ना.
बोलणाऱ्याची मातीही खपते, म्हणालो.
खपते, ती म्हणाली. एकदा.
आणि पत्राची घडी घालून
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.

नऊ वाजले होते.
तिकडे सात, म्हणाली. माणूस दात घासतोय.
बाराला फोन लावला.
तिची जर्मन मोडकी,
क्रियापदं रस्त्याच्या कडेला सोडत जाणारी.
अक्षराबद्दल अवाक्षर नाही.
एवढंच सांगितलं की
चार नंबरच्या लॉटमध्ये ओलावा पाच पूर्णांक नऊ आहे.
मर्यादा सहाची, म्हणजे नियमात बसतो.
पण तो लॉट साठवू नका. आधी भाजा.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग पानं उलटल्याचा आवाज.
मग फोन बंद.

मला दरदरून घाम.
त्याच्या हातात काठी कशाला दिलीत?
ती सफरचंद सोलत होती, सालीचा धागा न तोडता.
काठी त्याच्याकडे होतीच, उचा.
बघायचं होतं,
टेकायला वापरतो की मारायला.

सोमवार गेला. मंगळवार गेला.
गोदामात बायका दाणे निवडत होत्या
आणि कुणीच माझ्याशी नीट बोलत नव्हतं,
किंवा मला तसं वाटत होतं.
बुधवारी मी तीनदा जेवलो नाही.

गुरुवारी बँकेचं पत्र:
तफावत ग्राहकास मान्य.
दर ठरला होता तोच.
फोल्कर्ट्सचा वेगळा निरोप, एका ओळीचा:
चार नंबर आधी भाजतो.

तफावतीचं शुल्क ऐंशी युरो.
माझ्या पगारातून कापले.
तिनं रीतसर पावती दिली, सही, तारीख, शिक्का,
आणि वर कंपनीचं नाव, स्वतःच्या हातानं,
रोमन लिपीत, ठसठशीत,
के घालून.

मी चष्मा पुसला.
पुन्हा एकेक अक्षर वाचलं, ओठ हलवत.
आणि पावती तिच्याकडे परत सरकवली.