चारशे ऐंशी सेकंद

तोरुनमध्ये, विस्तुलाकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
दार ढकललं की घंटा वाजते,
म्हणजे वाजत असावी.
गिऱ्हाईक आलं हे मला फिगा सांगते, शेपटीने.

ट्राम चालवणारा त्सेझारी आला
आणि काउंटरवर त्याने रुमाल सोडला :
पेराएवढं नळकांडं, काचेची इवली टाकी,
रबराच्या चार कड्या, तारेचं काळंठिक्कर वेटोळं.
"हे तुमच्या मशीनमध्ये टाकाल?"

माझ्या मशीनने काय काय धुतलंय.
घटस्फोटाआधी विकायला काढलेल्या अंगठ्या,
एका पाद्रीबाबांची कवळी,
पाणबुड्याचा पट्टा, ज्यातून
तीन फेऱ्या झाल्या तरी वाळू निघत होती.
पण हे? वाफ ओढायचं खेळणं?
मी चष्म्यावरून पाहिलं. तो हलला नाही.
"बारा वर्षं सिगारेट. मग हे. अकरा महिने झाले.
आता जळकं लागतंय,
आणि जळकं लागलं की पाय पुन्हा
स्टॉपजवळच्या दुकानाकडे वळतात."

अकरा महिने कानाला खडा लावून राहिलेला माणूस
कमी वेळा येतो माझ्याकडे.
मी चिमटा घेतला.

कापूस उपटला, ओल्या उंदराच्या शेपटीसारखा.
कड्या वेगळ्या बशीत.
टाकीत डिस्टिल्ड पाणी. तो म्हणाला, स्पिरिट घाला ना,
मी म्हणालो, हे पाणी तापतं, पोरा,
आणि मला दुकान अजून हवंय.
झाकण. बटण. चारशे ऐंशी सेकंद.

पाण्यात न दिसणारे बुडबुडे जन्मतात
आणि तिथल्या तिथे मरतात,
सेकंदाला चाळीस हजार वेळा,
आणि मरताना मळाला एक टिचकी मारून जातात.
ब्रश जिथे पोचत नाही तिथे ते मरायला जातात.
वेटोळ्यातून तपकिरी ढग सुटला,
चहाची पुडी बुडवावी तसा.
दालचिनी, जळकी साखर, थोडी चेरी :
आमच्या गावच्या आल्याच्या बिस्किटांचा वास,
कुणीतरी भट्टीत विसरलेल्या.

मी वळलो, तर त्सेझारी
दोन्ही कानांवर हात ठेवून उभा.
"केवढं किंचाळतंय हे!"
किंचाळतंय? मला बोटांखाली
मांजराच्या पोटासारखी घुरघुर तेवढी लागत होती.
बावीस वर्षं सांगत आलोय मी लोकांना,
पाहा, किती शांतपणे काम करतं.
फिगा टेबलाखाली, नाक पंजात.
मी समजत होतो, ती पाण्याला भिते.

आणि यादविगा.
मी बटण दाबलं की पाव आणायला निघायची,
दर वेळी, दिवसातून दोनदा कधी तीनदा.
एवढा पाव आम्हाला लागत नव्हता.
मी कानाडोळा केला असंही नाही;
कानच नव्हता, डोळा कुठून करणार?

दोनशे बाराला मी मशीन थांबवलं.
तो म्हणाला, राहू द्या, पूर्ण होऊ द्या.
मग पूर्ण होऊ दिलं. तो बाहेर फुटपाथवर थांबला,
काचेतून मला अंगठा दाखवत.

धुऊन, पुसून, बॅटरीला लावून
त्याने कापसाशिवाय कळ दाबली.
तार मधोमध तांबूस झाली
आणि लाली दोन्ही टोकांकडे सरकत गेली.
"नवीकोरी," तो म्हणाला.
नवी नव्हती. पण मी अंगठीचेच पैसे घेतले.

यादविगा आली. काउंटरवर पाव ठेवला, अजून कोमट.
मी विचारलं, या मशीनचा आवाज होतो तुला?
ती काहीतरी म्हणाली.
मी कान पुढे केला. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने :
"हल्ली नाही येत.
पण आता सवय झालीय.
आणि बेकरीतली ती मुलगी वाट बघते."