बरगे

शिरोलीच्या फाउंड्रीत माझा तिसरा दिवस.
फळ्यावर चौकोन : खरेदी, भांडार, ओतकाम, रवानगी.
प्रत्येक विभागाचा पडदा हिरवागार,
आणि भट्टी थंड.
पिग आयर्न नाही.

मार्चात होतं. गोदामात मावेना,
बाहेर ताडपत्रीखाली पडलेलं.
मग खरेदीनं हात आखडला.
एप्रिलात टंचाई, सगळ्यांची दुप्पट मागणी;
माल यायला पाच आठवडे,
धीर दोन आठवड्यांचा,
म्हणून पुन्हा दुप्पट.

चूक कुठं झाली, मी विचारलं.
सगळे शौकत मुजावरकडं बघायला लागले.
तो टेबलाकडं.

भांडारातले नेमगोंडा मगदूम
बशीतला चहा संपवून म्हणाले,
"आमचा बा बंधाऱ्यावर बरगे घालायचा.
पाणी चढलं म्हणून काढलं, की खाली लोंढा.
उतरलं म्हणून घातलं, की वरची रानं बुडाली.
बा म्होरल्या पाण्याकडं बघायचाच न्हाई.
राधानगरीतनं किती सुटलं,
हितं कवा पोचंल,
बोटांवर मोजत बसायचा.
लोक म्हणायचे, झोपलाय."

मी मार्कर उचलला.
खरेदीच्या बाणावर दोन तिरक्या रेघा मारल्या :
इथं उशीर राहतो.
शेवटच्या चौकोनातून एक बाण काढला
आणि वळवत वळवत पहिल्यात नेला.
शौकतनं मान वर केली.

"मग नवीन सॉफ्टवेअर कधी बसवायचं?" मालक म्हणाले.
म्हटलं, आधी काही मागवू नका.

तेवढ्यात गेटवर हॉर्न.
एप्रिलच्या मागणीचा ट्रक.
त्याच्यामागं दुसरा,
आणि हायवेच्या वळणावर
तिसऱ्याचा इंडिकेटर.