फोर्टात

अंबऋषीमामा फोर्टात कामाला होता.
हे मी चौथीत असताना ऐकलं
आणि त्या शब्दाभोवती खंदक खणला.

दिवाळीला यायचा तो
टाइपरायटरच्या रिबिनींचे रिकामे डबे घेऊन,
झाकणावर शाईच्या बोटांचे ठसे.
मी त्यांत चिंचोके ठेवायचे.
तो आईला सांगायचा :
फोर्टात पाणी तुंबलं,
फोर्टात राइसप्लेट महागली,
फोर्टातला थोरला साहेब खुर्चीतच गेला.
आणि मला दिसायचे
तटावरून घागरींनी पाणी उपसणारे शिपाई,
पंगतीत हात आखडून बसलेला किल्लेदार,
साहेबासाठी अर्ध्यावर आणलेलं निशाण,
आणि दिंडीदरवाज्याच्या आत, दिवटीच्या उजेडात
यंत्राचे दात घासत बसलेला माझा मामा.

माझी चूक कुणी काढली नाही.
घरात तेवढा वेळ कुणाला होता.

काल रात्री परंड्याहून एसटीत बसले.
एका कागदावर साडेतीनला सही व्हायची आहे,
तोवरचा दिवस माझा.
मुंबई सेंट्रलच्या डेपोत तोंड धुतलं,
वेणी सोडून पुन्हा घातली.
कंडक्टरला म्हटलं, फोर्ट.
त्यानं मान वर न करता तिकीट दिलं,
जणू रोजच कुणी ना कुणी किल्ल्यात जातं.

उतरले, तर बँका.
बँकांवर दगडी सिंह, सिंहांवर कबुतरं.
बाजारगेटला गेट नाही.
विचारलं, तर झेरॉक्सवाला म्हणाला, कितव्या नंबरचं गेट?

तट पाडल्याचं मी वाचलं होतं, नाही असं नाही.
परीक्षेत लिहिलंही होतं, दोन मार्कांना.
पण वाचलेलं वर राहतं,
लहानपणी ऐकलेलं खाली, गाळात.

स्टॅम्पपेपर विकणारे पेडणेकर
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
पाडला गो. दगड कुणी कुठं नेले देव जाणे.
आम्ही पत्त्यात लिहितो तेवढाच उरला.
मग माझा चेहरा बघून म्हणाले,
एक तुकडा आहे. इस्पितळामागं जा. सेंट जॉर्जच्या.

होता.
लाँड्रीच्या गाडीमागं, स्कुटरींच्या रांगेपलीकडं,
फटीतून पिंपळ आलेला.
कुणा पेशंटच्या बाईनं त्याच्या कडेवर
डबा उघडून ठेवला होता, भात निववायला.
मी हात लावला.
आमच्याकडचाच काळा दगड, तोच खरखरीत,
फक्त शेळ्यांनी न चाटलेला.

आमच्या गावात किल्ला आहे.
सगळा आहे : खंदक, बुरूज, तोफा,
तोफांवर पोरांनी कोरलेली नावं,
आत सीताफळी.
त्यात कामाला मात्र कुणी नाही.
कामासाठी मामा इथं आला,
जिथं किल्ला नव्हता.

फोन लावला.
तो आता परंड्यात, दरवाज्यासमोरच्या पारावर
दिवसभर बसून असतो.
म्हणाला, दिसला का?
म्हटलं, दिसला.
पलीकडं जरा वेळ नुसता खोकला.
मग म्हणाला, मी काय बघितला नाही, बाये.
दुकान नऊला उघडायचं,
बंद करायला दिवे लागायचे.
एकतीस वर्षं. विचारायचीही लाज वाटायची,
आपणच फोर्टात, आणि आपणच विचारायचं?
सांग की, कसाय.

फाटकापासून पिंपळापर्यंत सत्तावीस पावलं.
मी सांगायला लागले :
दरवाज्याला खिळे आहेत मामा, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर.
पहाऱ्यावर दोघं आहेत, एकाला डुलकी लागलीय.
वर निशाण.
आत देवडीत एक माणूस यंत्र पुसतोय,
शाई लागलीय त्याच्या बोटांना,
त्याला कुणी हाक मारत नाही,
पण त्याच्याशिवाय एकही हुकूम बाहेर पडत नाही.

पिंपळ आला.
मामा म्हणाला, पुढं?
मी वळले,
आणि पुन्हा फाटकापासून चालू लागले.