बहात्तर तास

गावाचं नाव चेरीफील्ड, चेरीचं झाड एकही नाही.
माळभर ब्लूबेरी, घोट्याएवढी, दगडांमधून,
आणि दगड असे, की हिमनदी इथेच ओझं टाकून पळाली.
धुकं सकाळपासून बसलंय
ऊठ म्हटलेलं न आवडणाऱ्या पाहुण्यासारखं.

मी गुडघ्यांवर. एका हातात भिंग, दुसऱ्यात काडी.
शोधायची दोन ऑगस्टांपूर्वी गळलेली फळं:
सुरकुतलेली, राखाडी, मिऱ्याहून जराशी मोठी.
ममी म्हणतात तिला. पिरॅमिडातली, घरातली नव्हे.
दोन हिवाळे बर्फाखाली निजून
मेलेली दिसते. मेलेली नसते.

सापडली.
पोटातून देठ वर आलाय, टोकाला तपकिरी वाटी,
भातुकलीत मुंगीला जेवायला वाढावं एवढीच.
रिकामी वाटते.
फुंकर मारली की धूर.

चौरस फुटात चार.
अर्लीन गाडीच्या काचेमागून विचारते, किती?
मी चार बोटं वर करते.
ती स्टिअरिंगवर कपाळ टेकते
आणि लगेच सरळ होते, जणू काही शोधत होती खाली.
हा तुकडा जाळायचा होता तेव्हा.
डिझेल महाग म्हणून नुसता कापला.

खांबावरचं यंत्र ओल मोजतं.
पाऊस नव्हे, ओल. पाऊस येतो, जातो,
त्याच्याशी भांडण नाही.
पानं किती तास कोरडी झाली नाहीत
एवढंच बुरशी विचारते.
काल रात्री अकरा.
आणि कळ्यांनी नेमकं आजच तोंड उघडायला घेतलंय.

औषध मागे जातं, अर्लीन भाच्याला सांगते.
बहात्तर तासांच्या आत फवारलंस
तर जे झालं ते वाढत नाही.
त्यानंतर फवारलंस तर पानं धुतलीस, बस.
कोल्बी एकोणीस वर्षांचा. बोटं मोजतो.
मॅकायसच्या मुलीला त्याने काहीतरी लिहून पाठवलंय,
शुक्रवारी.
एक दिवस उशीर झाला, म्हणतो,
आणि टाकीत पाणी भरायला जातो.

वाफसा नाही. ट्रॅक्टर वरच्या अंगाला चालला,
रात्री नऊ ते दोन, दिव्याच्या उजेडात धुक्याची भिंत
आणि भिंतीत शिरणारा तुषार.
खालच्या ओलाणात मागचं चाक आसापर्यंत गेलं.
दोर, फळ्या, शिव्या, परत फळ्या.
तीन एकर राहिले.
गुरुवारी जॉर्जियाहून माश्यांचा ट्रक येणार,
चारशे पेट्या, ठरलेलं भाडं, ठरलेली तारीख.
माश्या आल्यावर फवारा बंद.
राहिलेलं राहिलं.

आता बहर आहे. माळ पांढरा, उन्हाचा, माश्यांनी गुणगुणणारा.
वरच्या अंगाला शंभर फांद्यांत दोन-तीन करपलेल्या,
हे चालतं, हे आम्ही जिंकलो म्हणतो.
ओलाणात मोजायचं मी सोडून दिलं.
पानं देठापासून तपकिरी, झुकलेली,
शिरेवर राखाडी पीठ.

आणि वास.
हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.
आजारी पान फुलासारखं वागतं.
माशी येते, फसते, पीठ अंगाला लावून
शेजारच्या खऱ्या फुलात शिरते.
भाड्याची माशी. पेटीमागे पैसे मोजून
आम्हीच तिला दारात आणून सोडलंय.

अर्लीनला गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून वास येत नाही.
काय वाटतं नक्की, विचारते.
चहा, मी म्हणते. उकळून ठेवलेला, जरा आंबलेला, गोड.
वाईट?
नाही, हीच तर पंचाईत.

कोल्बीच्या फोनवर काहीतरी वाजतं, तो पाठ फिरवतो.
खांबावरचं यंत्र आज शून्य दाखवतंय.
अर्लीन खाली वाकते, एक करपलेलं पान खुडते,
नाकाशी धरते, डोळे मिटून,
बराच वेळ.
काही नाही, म्हणते.
दुसरं दे.